बारा पेनं आणि खवट खोबरं

सर्दी आली आणि आठवडाभरात गेली. जाताना मात्र बायकोचा वास घेऊन गेली.

पहिले काही दिवस तिने कुणाला सांगितलंच नाही. नाक चोंदलंय, होईल मोकळं, असं ती समजत होती. मग एका सकाळी फोडणीत हिंग घातला आणि मला हाक मारून म्हणाली, "अहो, हा हिंग भेसळीचा दिसतोय. वासच नाही याला." मी दारात उभा होतो आणि हिंगाचा वास माझ्या डोळ्यांत जात होता. तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं.

वास जाणं हे आजारपण लोकांना आजारपण वाटत नाही. ताप दाखवता येतो, सूज दाखवता येते. हिला काही दाखवता येत नव्हतं. दूध नासलंय का हे ती मुलीला विचारायची. बाहेर जाताना साडीचा पदर मुलीच्या नाकाशी धरायची, "बघ गं, घामट येतोय का." चवही बरीचशी गेली होती, म्हणून भाजीत मीठ वाढायला लागलं. आम्ही काही बोलत नव्हतो. मी पाणी जास्त प्यायचो.

आम्ही मूळ सोलापूरचे. मी केंद्र सरकारच्या एका सर्वेक्षण कार्यालयात आहे. घरोघरी जाऊन माहिती गोळा करणारी माणसं माझ्या हाताखाली काम करतात आणि त्यांनी आणलेले आकडे पटण्यासारखे आहेत की नाहीत हे पाहणं माझं काम. बदल्यांच्या चक्रात चंडीगडला आलो आणि इथेच बरीच वर्षं राहिलो. बायको त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवायची, पहिलीचा वर्ग. मुलगी जवळच्याच खरड गावातल्या एका कॉलेजात शिकते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. एक 'आई' तेवढी तिने मराठीतली ठेवली आहे.

गल्लीतल्या डॉक्टरांनी फवारा दिला, गोळ्या दिल्या, शेवटी वैद्यकीय कॉलेजच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवलं. तिथे नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं. नाक आतून स्वच्छ होतं. विषाणूमुळे वास ओळखणाऱ्या नसांना मार बसलाय, असं सांगितलं. त्या नसा पुन्हा उगवू शकतात. किती आणि कधी, ते सांगता येत नाही.

तिथेच आम्हाला ती भेटली. एमएस करणारी शिकाऊ डॉक्टर, हिमाचलची, आमच्या मुलीपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी असेल. तिचा प्रबंध याच विषयावर होता. वास गेलेल्यांना रोज दोन वेळा ठरावीक वास हुंगायला लावतात, म्हणजे नाकाचा व्यायामच, आणि त्याने पुष्कळांना फरक पडतो. त्यासाठी नेहमी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास वापरतात. हिची शंका अशी होती की ज्या बाईने आयुष्यात निलगिरी फक्त सर्दीत हुंगली, तिच्या मेंदूने त्या वासाला का ओळख द्यावी? त्यापेक्षा तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातले चार वास दिले तर? रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला नेहमीचे वास, दुसऱ्याला घरचे, आणि शेवटी पाहायचं. ही कल्पना तिची स्वतःची होती. ते सांगताना तिचा स्वर बदलायचा.

संमतीपत्र मी पूर्ण वाचलं. कोण कुठल्या गटात हे कसं ठरणार, असं विचारलं. बंद पाकिटांतून, ती म्हणाली. मध्येच कुणी सोडून गेलं तर त्याला कसं मोजणार, हेही विचारलं. बायकोने मला टेबलाखालून पायाने ढोसलं. ती पोरगी मात्र खूश झाली. "अंकल जी, आज तक किसी ने ये नहीं पूछा!"

पाकिटातून बायकोला घरचा गट निघाला. तिने चार वास निवडले: हिंग, वेलची, लवंग, कॉफी. डॉक्टरने चार बाटल्या करून दिल्या. सकाळी चहाआधी आणि रात्री जेवणाआधी एकेक बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटून तो वास आठवायचा. ती हे इतक्या निष्ठेने करायची की त्या वेळी आम्ही टीव्हीचा आवाज बंद ठेवायचो.

प्रगती मोजायला वास भरलेली बारा पेनं होती. दिसायला स्केचपेनांसारखी. टोपण काढून नाकाशी धरायचं आणि डॉक्टर चार पर्याय वाचणार: संत्रं, मासा, कॉफी, चामडं. काहीच वास आला नाही तरी एक नाव घ्यायचंच. म्हणजे निव्वळ अंदाजाने बारापैकी तीन बरोबर यायला हवेत, आणि पहिल्या वेळी हिचे तीनच आले. मी घरी येताना ते सांगितलं तेव्हा ती रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली. आकडा खरा होता, पण तो त्या वेळी बोलायचा नव्हता, हे मला उतरताना कळलं.

दोन महिन्यांनी सहा आले. चार महिन्यांनी नऊ.

त्या दिवशी डॉक्टरचा आनंद पाहण्यासारखा होता. तिने बायकोचे दोन्ही हात धरले. सहाव्या महिन्याच्या चाचणीतही नऊ टिकले तर उपचार संपले, केस बंद, असं तिने सांगितलं. ज्यांचे कमी येतील त्यांना तिचे वरिष्ठ पुढच्या तपासण्यांसाठी आणि पुढच्या उपचारासाठी ठेवून घेणार होते. "आप को उसकी ज़रूरत नहीं पड़ेगी, आंटी जी!"

बायको प्रत्येक वेळी तिच्यासाठी डबा न्यायची. जो आपल्यासाठी राबतो त्याच्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. पातळ पोह्यांचा चिवडा. पोहे सोलापूरहून येणाऱ्या पार्सलातले, आणि सुकं खोबरं इथल्या सेक्टरच्या बाजारातलं. इथे त्याला गोला म्हणतात. डॉक्टर पुढच्या वेळी रिकामा डबा परत द्यायची आणि म्हणायची, "बहुत टेस्टी था, पूरे हॉस्टल ने खाया." बायको परतीच्या वाटेवर ते वाक्य दोन-तीनदा तरी म्हणून दाखवायची.

नऊचा आकडा आला त्याच आठवड्यात मी एका संध्याकाळी कार्यालयातून आलो तर जिन्यातच करपल्याचा वास. वर येऊन पाहतो तर आमचंच दार. गॅसवर दुधाचं पातेलं, दूध आटून तळ काळा झालेला, त्यातून नुकता धूर सुटलेला. आणि बायको ओट्याकडे पाठ करून खाली बसून कणीक मळत होती. गॅसपासून चार हातांवर. मी धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा तिने वर पाहिलं.

"काय झालं?"

भीती तर वाटलीच, पण त्याच वेळी डोक्यात दुसरंही काही चालू झालं होतं. बारापैकी नऊ वास ओळखणाऱ्या बाईला चार हातांवरचं करपलेलं दूध कळत नाही. कार्यालयात असे दोन आकडे शेजारी-शेजारी आले असते तर मी तो फॉर्म परत पाठवला असता.

जेवताना मी विचारलं. "तुला खरंच वास येतो का?"

ती ताटात पाहत राहिली. मग म्हणाली, "नाही."

"अजिबात?"

"कधी कधी काहीतरी आहे असं वाटतं. काय आहे ते कळत नाही."

"मग नऊ कसे आले?"

आता तिने वर पाहिलं, आणि खोटं वाटेल, पण तिच्या चेहऱ्यावर थोडी ऐट होती. "अहो, पहिलीच्या वर्गावर आयुष्य काढलंय मी. पोरं पाढा म्हणताना फळ्याकडे बघतात का? बाईंच्या तोंडाकडे बघतात. चुकायला लागली की बाईंचा चेहरा बदलतो, लगेच उत्तर फिरवतात. ती पर्याय वाचते ना, बरोबरच्या नावावर आली की जराशी थांबते. भुवया अश्शा वर जातात."

"ती मास्क लावते."

"भुवयांना कुठे असतो मास्क?"

मुलगी घास हातात धरून ऐकत होती. "आई चीटिंग करती है?" तिने अत्यानंदाने विचारलं.

"चीटिंग नाही. मदत."

"तीन नशिबाचे," मी म्हणालो, "आणि बाकीचे सहा तिच्या भुवयांचे."

"असू देत. पोरीची तीन वर्षं गेलीत त्या कामात. घरचे वास, ही तिची कल्पना आहे. माझ्यासाठी ती स्वतः फोन करते, केसपेपरच्या रांगेत स्वतः उभी राहते. मी तिला सांगू, की तुझ्या बाटल्यांचा उपयोग नाही म्हणून?"

"आणि तुझा वास?"

"वास नसला तरी माणूस जगतं."

"पुढच्या वेळी नऊ सांगितलेस तर केस बंद होईल. पुढचा उपचार मिळणार नाही."

"कळतंय मला. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती उठून भांडी गोळा करायला लागली. "आणि तुम्ही नका मला सांगू. तुमच्या सर्वेत लोक सगळं खरंच सांगतात वाटतं?"

नाही सांगत. घरी आलेल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून लोक काय काय सांगतात हे मला पुरतं माहीत आहे. पण मी काही उत्तर देण्याआधी मुलगी बोलली.

"आई, सच बोलूँ? ग़ुस्सा मत करना. वो चिवड़ा ख़राब था."

"कुठला चिवडा?"

"जो तुम डॉक्टर को देती हो. नारियल ख़राब है. साबुन जैसा लगता है."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अहो?"

मी खरं तेच सांगितलं. "खोबरं खवट आहे. मी काप बाजूला काढून खातो."

"किती दिवस?"

"तुला सर्दी झाली तेव्हापासून. तू पूर्वी गोला नाकाला लावल्याशिवाय घ्यायची नाहीस."

ती आत गेली आणि चिवड्याचा डबा घेऊन आली. खोबऱ्याचा एक काप निवडला, हुंगला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत होतो.

"मला काहीच कळत नाहीये," ती म्हणाली. मग, "तिनेही हेच खाल्लं?"

"पूरे हॉस्टल ने," मुलगी म्हणाली.

आधी ती हसली. हसता हसता खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. "तीनदा दिला मी तिला. तीनदा! आणि ती बया दर वेळी टेस्टी, टेस्टी. अगं एकदा सांगायचंस ना मला, मी दुसरं खोबरं आणलं असतं." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडावर जे आलं होतं ते तिला माझ्या बोलण्याआधी दिसलं. चेहरे वाचण्यात तिचा हात कोण धरणार. "बोलू नका," ती म्हणाली. "कळलं मला."

सहाव्या महिन्याच्या चाचणीला आम्ही गेलो तेव्हा डबा नव्हता. डॉक्टरने पेनांची पेटी उघडली होती. बायकोने तिच्या हातावर हात ठेवला. बायकोचं हिंदी सोलापूरचं आहे, चंडीगडने त्यात फक्त 'जी' घातला.

"बेटा, एक बात बताओ. मेरा चिवडा कैसा था?"

"बहुत अच्छा, आंटी जी."

"सच्ची बोलना."

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागली. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत होतो.

"थोड़ा... साबुन जैसा लगा था."

"तो क्या किया?"

"एक डिब्बा खाया. दो फेंके." ती पोरगी रडकुंडीला आली होती. "सॉरी, आंटी जी. आप इतने प्यार से लाती थीं."

"अब मेरी सुनो. मेरे को तुम्हारे पेन का कुछ भी वास नहीं आता. मैं तुम्हारा चेहरा देखके बोलती थी. तुम भी इतने प्यार से पूछती थी."

खोलीत बाहेरच्या रांगेतल्या नंबरांचा पुकारा ऐकू येत होता. डॉक्टरने टोपण पुन्हा पेनाला लावलं. तिच्या चेहऱ्यावर मला आधी दिसली ती लाज. मग काहीतरी मोजायला लागल्यासारखे तिचे डोळे स्थिर झाले. ती फक्त आमच्याच केसचा विचार करत नव्हती. "मतलब बाकी मरीज़ भी..." ती म्हणाली आणि वाक्य सोडून उठली. "आप बैठिए. जाइएगा मत."

ती तिच्या वरिष्ठांकडे गेली. आम्ही बराच वेळ बसलो. बायको कुजबुजली, "बिघडवलं ना मी तिचं सगळं?" मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून मी तसंच सांगितलं.

डॉक्टर परत आली ती दुसऱ्या एका शिकाऊ डॉक्टरला घेऊन. तिने आम्हाला सरळ सांगितलं. चाचणी घेणारा वेगळा असायला हवा होता, त्याला रुग्णाचा गट माहीत नसायला हवा होता. तसं ठरलंही होतं, पण त्या माणसाची ड्यूटी बदलली आणि तिने ते काम स्वतःवर घेतलं. आपण चेहऱ्याने उत्तरं सांगतो हे तिला ठाऊकच नव्हतं. आता आधीच्या मोजण्या बाजूला ठेवून सगळ्या रुग्णांची नव्याने चाचणी होणार होती, डोळ्यांवर पट्टी बांधून, घेणारा दुसरा. प्रबंध काही महिने लांबणार होता. हे सांगताना तिने आवाज चढवला नाही की सुस्कारा सोडला नाही. बायकोकडे वळून ती म्हणाली, "अच्छा हुआ आप ने अभी बताया. लिख देने के बाद बतातीं तो मैं कहीं की न रहती."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ चुका पकडल्या आहेत. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो तेही पाहिलं आहे. बहुतेक जण आधी फॉर्मला दोष देतात. ही मुलगी मला कायमची लक्षात राहिली ती त्या दिवसामुळे.

पट्टी बांधून चाचणी झाली. बारापैकी चार.

चार म्हणजे काहीच नाही, हे मला माहीत होतं. या वेळी मी गप्प बसलो. पण डॉक्टरने उत्तरांचा कागद खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "आंटी जी, दो जगह आप ने बोला जला हुआ. एक कॉफ़ी थी, एक लौंग." बायको म्हणाली, हो, काहीतरी करपल्यासारखं आलं, घाण. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. नसा उगवायला लागल्या की वास कधी कधी आधी वेडेवाकडे येतात, ती म्हणाली. हमखास नाही सांगत. पण काहीच न येण्यापेक्षा हे बरं लक्षण आहे. "और ये मुझे नौ नंबर में कभी नहीं दिखता."

केस बंद झाली नाही. मेंदूचं स्कॅन झालं, त्यात काही निघालं नाही. मग नाक धुण्याचं औषध सुरू झालं आणि बाटल्या चालू राहिल्या, आता जास्त दिवसांसाठी. डबा मात्र शेवटच्या चाचणीपर्यंत आणायचा नाही, असं डॉक्टरने हात जोडून सांगितलं. बायकोला ते फार जड गेलं. रिकाम्या हाताने जाताना ती पर्स दोन्ही हातांनी धरून चालायची.

मधले महिने सोपे नव्हते. कॉफीचा वास तिला जळक्या रबरासारखा यायचा, कांदा परतला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. स्वयंपाक मुलगी आणि मी मिळून करायला लागलो. माझी आमटी खाताना बायको म्हणायची, "मला वास येत नाही हे देवाने चांगलंच केलं."

मग एक दिवस आम्ही सेक्टरच्या बाजारात गेलो होतो. पार्सलातून पातळ पोहे आले होते. दुकानदाराने पोत्यातून गोला काढून तराजूत टाकला. बायकोने जुन्या सवयीने तो उचलला आणि नाकाला लावला. तिचा हात तिथेच थांबला. तिने पुन्हा हुंगलं. मग दुसरा उचलला, मग पुन्हा पहिला.

"भैया, ये वाला ख़राब है."

"नहीं जी, कल ही माल आया है."

"कल आया होगा. ख़राब आया." तिने तो माझ्यापुढे धरला. "बघा हो."

मी हुंगलं. खवट होता, थोडासाच. मला तो वास तिच्या इतका पटकन कळला नसता. मी मान हलवली. दुकानदाराने कुरकुरत दुसरा दिला, तिने तोही हुंगला आणि घेतला. दुकानाबाहेर आल्यावर ती माझ्या दंडाला धरून एका झाडाखाली उभी राहिली. पिशवी माझ्या हातात होती.

शेवटच्या चाचणीत सात आले, पट्टी बांधून. सात नशिबाने क्वचितच येतात, हे मी या वेळी मोठ्याने सांगितलं. घरचे वास जिंकले की नेहमीचे, हे मी डॉक्टरला विचारलं. सगळ्यांचे आकडे यायचे आहेत, ती म्हणाली, त्याआधी ती काही बोलणार नाही. मला ते उत्तर आवडलं. अजूनही गुलाबाचा वास बायकोला येत नाही आणि कॉफी नीट येत नाही. पण दूध उतू गेलेलं तिला माझ्या आधी कळतं.

चाचणी संपल्यावर बायकोने पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरने मास्क खाली केला, चमच्याची वाट न पाहता चिमूटभर चिवडा घेतला, खोबऱ्याचा काप मुद्दाम निवडून खाल्ला. बायको तिच्या भुवयांकडे पाहत होती. त्या हलल्या नाहीत.

"आंटी जी," ती म्हणाली, "नारियल बढ़िया है. नमक थोड़ा ज़्यादा है."

बायको इतकी खूश झालेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. परतताना रिक्षात तिने मला पर्समधल्या पुडीतला थोडा चिवडा चाखायला दिला. मीठ खरंच जास्त होतं, आणि मी तसं सांगितलं.